बिनठिपक्याचा बोल्ट

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, कारण मामा म्हणणार, "माझ्यावर काय लिहायचंय, मी काय पुढारी आहे?" पण आज कॉलेजातून येताना त्याच्या गॅरेजवर थांबले होते आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून एका दमात लिहून टाकते. चुका पोटात घाला. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तो आईला ताई म्हणतो. गोष्ट त्याची आहे, म्हणून मीही इथे आईला ताईच म्हणते आणि स्वतःला भाची. त्या सकाळी गॅरेजमध्ये मी नव्हतेच. तिथलं सगळं मामीने सांगितलं, आणि मामाच्या मनातलं मामाने, तुकड्यातुकड्याने, पाना हातात असताना. हात रिकामे असले की तो बोलत नाही.

तर मामाला सगळे सेल्फवाला म्हणतात. किल्ली फिरवली की जी मोटर इंजिनाला पहिला हिसका देते तिला गॅरेजात सेल्फ म्हणतात, आणि तीस वर्षं मामाने तेच केलंय, सेल्फ आणि वायरिंग. लोक त्याला फोन लावतात आणि फोन बोनेटपाशी धरतात. मामा डोळे मिटून ऐकतो. टकटकटकटक असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलीय. एकच जाडसर टक् वाजून सगळं गप्प झालं तर बॅटरी ठीक, घोडं सेल्फपाशी पेंड खातंय. नुसत्या आवाजावर सांगतो आणि दहातल्या नऊ वेळा तेच निघतं.

त्या सकाळी सात चाळीसला मामा स्वतःच्या गाडीत बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट. तो मामीने आदल्या दिवशी दोनदा इस्त्री केला होता, कारण पहिल्यांदा केल्यावर मामा "मी नाही जाणार" म्हणून तोच घालून बॅटऱ्या उचलायला गेला होता. मामी शेजारी बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत ताईसाठी मऊ सुती गाऊन, स्वतः शिवलेला. मामाने किल्ली फिरवली.

टक्.

आणि पुढे काही नाही. मामाने हात मागे घेतला, परत फिरवली. टक्.

"काय झालं?" मामी म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही तर चला की."

आता इथे सांगायलाच हवं की त्या सकाळी काय पणाला लागलं होतं. ताईच्या घशात गाठ होती. नव्वद किलोमीटरवरच्या मोठ्या हॉस्पिटलात दुपारी बारा वाजता ऑपरेशन होतं, आणि त्यात डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढणार होते. जीव वाचेल, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते. आवाज मात्र जाणार, कायमचा. ताई प्राथमिक शाळेत शिकवायची, वर्गात बोलली की मैदानावरची पोरं गप्प व्हायची असा आवाज. बारा वाजल्यानंतर तो कुणालाच कधी ऐकू येणार नव्हता. आणि मामाने तो चार वर्षं ऐकलेला नव्हता, कारण चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

फोन का नाही केला म्हणाल, तर ताईनेच भाचीकडे निरोप दिला होता. "फोनवर नको. माझा घसा आता फोनवर कळत नाही कुणाला. यायचं असेल तर यावं, नसेल तर नाही." निरोप ऐकून मामा तीन दिवस ताकास तूर लागू देत नव्हता. शेवटी आदल्या संध्याकाळी हातपाय धुताना म्हणाला, "सकाळी निघू."

आणि आता टक्.

शेजारचा पंक्चरवाला कानाला पेन लावून बाहेर आला. त्याच्या कानाला पेन का असतं हे आजवर कुणाला कळलेलं नाही, तो काही लिहीत नाही.

"सेल्फवाल्याचाच सेल्फ गेला की काय," तो म्हणाला. "आता तुम्ही फोन कुणाला लावणार?"

"तुम्ही आपल्या ट्यूबमध्ये हवा भरा," मामी म्हणाली.

"नाही वहिनी, म्हटलं धक्का मारू?"

"बिनगिअरची आहे," मामा बोनेट उघडत म्हणाला. "धक्क्याने चालू होत नाही ही."

"मग माझी स्कूटर न्या."

"तुझी स्कूटर नव्वद किलोमीटर?"

पंक्चरवाल्याने स्कूटरकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. मामीने टॅक्सीवाल्याला फोन लावला. साडेनऊच्या आधी गाडी नाही. गॅरेजात गिऱ्हाइकांच्या दोन गाड्या होत्या, पण एकीचं वायरिंग आतडी काढल्यासारखं उपसून ठेवलेलं आणि दुसरीचं इंजिनच खाली उतरवलेलं.

"बारा वाजताचं आहे," मामा म्हणाला. "अजून वेळ आहे. लाईट लाव आणि किल्ली मार."

मामी ड्रायव्हरच्या सीटवर सरकली. तिला हे काम पाठ आहे. मामा समोर उभा राहून दिव्यांकडे बघत होता. टक्. दिवे जसेच्या तसे, जराही मंदावले नाहीत. बॅटरी उतरलेली असती तर किल्लीसरशी दिवे मलूल झाले असते. मीटर लावला, बॅटरी ठणठणीत. बॅटरीची दोन्ही टोकं हलवून पाहिली, घट्ट. मग त्याने हातोडीच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर दोन टपल्या मारल्या. आतले कार्बन झिजून अडकले असले तर टपलीने सुटतात.

"मार."

टक्.

"मार परत."

टक्. लोकांच्या गाडीत हाच आवाज त्याला गप्पा मारल्यासारखा वाटायचा. आज तो दार लावून घेतल्यासारखा वाटत होता.

तेवढ्यात फोन वाजला. भाची होती.

"मामा, निघालास का?"

"निघतोय."

"मामा, ऐक ना. पहिल्या पेशंटला ताप आलाय म्हणून त्याचं पुढे ढकललंय. आईला आधी घेतायत. साडेदहाला आत नेणार." भाची रडत नव्हती पण आवाज तसाच होता. "तू कुठवर आलायस?"

मामाने घड्याळात पाहिलं. आठ वाजून पाच मिनिटं. रस्ता दीड तासाचा.

"आलोच," तो म्हणाला आणि फोन मामीकडे दिला, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. मामीच्या दोन इस्त्र्या तिथेच संपल्या.

"सेल्फ काढतो," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"काढायला पंधरा मिनिटं, बसवायला पंधरा. कार्बन बदलायला दहा. नऊच्या आत निघू."

मामीने टॅक्सीवाल्याला परत फोन लावून साडेनऊची गाडी धरून ठेवायला सांगितली. साडेनऊला निघून अकरा वाजणार हे तिलाही कळत होतं. पण तिचा स्वभाव तसा आहे, बुडत्याला काडी तर काडी.

मामाने बॅटरीची वायर सोडली आणि इंजिनाच्या खालच्या बाजूला हात घातला. त्या गाडीतला प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः बसवलाय, आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका आहे. नेलपॉलिशचा. ही मामाच्या गॅरेजची पद्धत. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्यावर ठिपका द्यायचा, म्हणजे हा पूर्ण झाला. ठिपका नाही तर काम अर्धवट, बोनेट लावायचं नाही. पद्धत ताईने सुरू केली होती. मामाने गॅरेज टाकलं तेव्हा तो दोनदा बोल्ट ढिले विसरला होता, तर ताई म्हणाली, "तुझं काम वहीसारखं तपासायला हवं," आणि पर्समधून नेलपॉलिश काढलं. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की ती यायची, स्टुलावर बसायची, मामा आवळायचा आणि ती ठिपके द्यायची. गिऱ्हाइकं हसायची. नंतर गिऱ्हाइकंच बोनेट उघडून ठिपके बघायला लागली.

सेल्फच्या दोन्ही बोल्टांवर ठिपके होते, जुने, काळपट लाल. मामाने पाना लावला. पहिला लगेच सुटला. दुसरा हलेना. हात घसरला, बोटांची सालं निघाली.

"अहो, रक्त."

"असू दे."

आणि पाना ओढता ओढता त्याला नको तेव्हा ते सगळं आठवायला लागलं. ही गाडी मुळात अण्णांची, म्हणजे दोघांच्या वडिलांची. अण्णांची नजर अधू झाली होती आणि तरी ते गाडी काढायचे. ताई मामाला म्हणाली होती, "सेल्फची एक वायर काढून ठेव. त्यांना वाटेल बिघडली." मामा म्हणाला होता, "मी गाड्या चालू करतो ताई, बंद नाही करत." एकदा नाही, तीन-चारदा म्हणाली होती. मग एका सकाळी अण्णांनी गाडी खांबावर घातली आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं.

गाडी मामाने ओढून गॅरेजात आणली आणि दुरुस्त करायला घेतली. ताई शनिवारी आली, नेहमीसारखी स्टुलावर बसली, न बोलता ठिपके देत राहिली. काम संपत आलं होतं. तेव्हा मामाच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा बरे झाले की त्यांना चालवायला बरं पडेल." ताईचा हात थांबला. ती म्हणाली, "तू गाड्या ऐकतोस. माणसं ऐकत नाहीस." नेलपॉलिशची बाटली टेबलावर आपटून ती निघून गेली. मामा फाटकापर्यंत धावला, पण ती कोपऱ्यावरून वळली होती. परत येऊन त्याने बोनेट लावलं. अण्णा सात महिन्यांनी गेले, आणि त्या दिवशीही दोघं भाऊ-बहीण अंगणात दोन टोकांना उभे होते. बाटली अजून टेबलावर आहे. तिला कुणी हात लावत नाही, झाडताना मामी तिच्या भोवतीने फडकं फिरवते.

दुसरा बोल्ट सुटला. सेल्फ हातात आला, जड, तेलकट. आठ पंचवीस.

मामाने तो टेबलावर उघडला आणि बघतच राहिला. कार्बन चांगले होते. अर्धेसुद्धा झिजले नव्हते. आतला तांब्याचा भाग स्वच्छ. त्याने परत जोडला, पायाखाली दाबून धरला, सुट्या बॅटरीची लाल वायर त्याच्या टोकाला आणि काळी वायर त्याच्या अंगाला लावली. सेल्फ एकदम गुरगुरला आणि पायाखालून उसळला, ताज्या माशासारखा.

"चालतोय की," पंक्चरवाला म्हणाला. तो कधी आत आला होता कुणाला कळलं नव्हतं.

"चालतोय," मामा म्हणाला.

"मग?"

मामी सांगते की तीस वर्षांत तिने त्याला गाडीसमोर असा कधी पाहिला नव्हता. हात खाली सोडून, जत्रेत हरवलेल्या माणसासारखा. आठ पस्तीस झाले होते. फोन परत वाजला, भाचीचाच, आणि मामाने तो उचलला नाही.

"उचला."

"काय सांगू?"

"अहो," मामी हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. तुम्हाला खरंच चालू करायचीय का?"

पंक्चरवाला आला तसा बाहेर गेला.

मामाचा चेहरा उतरला. कारण त्याच्या मनात खरंच एक कोपरा होता जो म्हणत होता की गाडीच चालू झाली नाही तर कुणाचा काय दोष, ताईसमोर उभं राहायला नको, ती काय बोलेल ते ऐकायला नको. चोराच्या मनात चांदणं. "करायचीय," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला कळलं की ते खरं आहे.

"मग हे सांगा. ही गिऱ्हाइकाची गाडी असती तर पहिलं काय बघितलं असतंत?"

"अर्थिंग," मामा लगेच म्हणाला. झोपेत विचारलं असतं तरी हेच म्हणाला असता.

"आणि आज बघितलंत?"

नव्हतं बघितलं. तीस वर्षं प्रत्येकाच्या गाडीत तो आधी अर्थिंग बघतो, आणि स्वतःच्या गाडीत बघितलं नाही, कारण ती त्याने स्वतः बांधली होती आणि तिच्यावर ठिपके होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. करंट सेल्फमध्ये जातो तसा त्याला परत बॅटरीकडे यायलाही वाट लागते, तिलाच अर्थिंग म्हणतात. मघाशी सेल्फ बाहेर असताना ती वाट मामाने स्वतःच्या हाताने दिली होती, काळी वायर सरळ सेल्फच्या अंगाला लावून. गाडीत ती वाट म्हणजे इंजिनापासून बॉडीला जाणारी विणलेल्या तारेची जाड पट्टी. ती वाट अडली तर टक् वाजण्यापुरता करंट जातो, फिरवण्यापुरता जात नाही. आणि दिवे लख्ख राहतात, कारण त्यांना ती पट्टी लागतच नाही.

मामाने बॅटरीवरचा दिवा आत धरला आणि पट्टीचं टोक शोधलं. हवेच्या पाइपाच्या मागे, कोपऱ्यात. बोल्ट होता. पट्टीखाली हिरवट पांढरी बुरशी आली होती. त्याने बोटाने बोल्ट फिरवला, आणि तो फिरला.

त्याच्यावर ठिपका नव्हता.

"काय आहे?" मामीने वाकून विचारलं.

"हा राहिला होता," मामा म्हणाला. "त्या शनिवारी. हाताने लावला होता, आवळणार होतो. मग ती उठली."

मामी एवढंच म्हणाली, "आता आवळा."

पुढची वीस मिनिटं मामीला नीट आठवत नाहीत, ती फक्त मागेल ते हातात देत होती. पाना, पॉलिश पेपर, फडकं. मामाने पट्टीचं टोक घासून तांब्याच्या रंगावर आणलं, बॉडीवरचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट बदलला आणि आवळला, आवळताना त्याच्या मानेची शीर दिसत होती. सेल्फ जागेवर गेला. बॅटरीची वायर लागली. नऊला पाच कमी.

"मार," तो म्हणाला.

मामीने किल्ली धरली आणि डोळे मिटले. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. पंक्चरवाल्याने बाहेरून टाळ्या वाजवल्या, मामाने बोनेट आपटलं, आणि तो तसाच, काळ्या हातांनी, सीटवर बसला. गॅरेजचं शटर पंक्चरवाल्याने ओढलं.

रस्त्यात दोनदा सिग्नल लागला आणि दोन्ही वेळा त्याने इंजिन बंद होऊ दिलं नाही. शहरात शिरताना ट्रक आडवा आला, सहा मिनिटं गेली, ती मामीने मोजली. दहा सत्तावीसला भाचीने त्यांना हॉस्पिटलच्या जिन्यात पाहिलं, मामा दोन दोन पायऱ्या चढत होता आणि मामी गाऊनची पिशवी छातीशी धरून मागे.

ताई स्ट्रेचरवर होती, हिरवी टोपी घालून, लिफ्टच्या दारात. नर्स म्हणाली, "दोन मिनिटं, जास्त नाही."

"आलास," ताई म्हणाली. आवाज घोगरा होता, फाटलेला, पण तिचाच. "गाडी बंद पडली असणार."

मामाने मान हलवली.

"कशाने?"

"अर्थिंगचा बोल्ट. बिनठिपक्याचा."

ताईला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. "म्हणजे माझं काम राहिलं होतं."

"आवळायचं काम माझं होतं."

"शर्ट बघ काय केलायस." मग तिने श्वास घेतला, तिला बोलताना मधे मधे थांबावं लागत होतं. "अण्णांचं तुझ्यामुळे झालं असं मी कधी म्हटलं नव्हतं. तुला तसं ऐकू गेलं. मला माहीत होतं तुला तसं ऐकू गेलंय. आणि मी चार वर्षं तसंच राहू दिलं. ती माझी चूक."

मामा उभा होता. स्ट्रेचरच्या दांड्यावर त्याच्या हाताचे काळे ठसे उमटले होते.

"बोल की काहीतरी," ताई म्हणाली.

"तू बोल," मामा म्हणाला. "मी ऐकतोय."

ताई हसली, हसताना खोकला आला. नर्सने लिफ्टचं बटण दाबलं. ताईने खूप जवळ बोलावलं त्याला आणि म्हणाली, "ढब्बू, आधी हात धू जा." लहानपणी तो गुबगुबीत होता म्हणून ती त्याला ढब्बू म्हणायची. जगात ती एकटीच म्हणायची. दार लागलं.

मामा तिथेच उभा राहिला. भाची जवळ गेली तर म्हणाला, "ऐकलंस?" आणि हात धुवायला गेला, आणि बराच वेळ आला नाही.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने ताई गॅरेजात आली, गळ्याला रुमाल, हातात पाटी. सरळ गाडीपाशी गेली आणि बोनेट उघडायची खूण केली. त्या बोल्टाकडे पाहिलं, टेबलावरची बाटली उचलून हलवली आणि पाटीवर लिहिलं, "वाळली. नवी आण. लालच." मामा त्याच पावली दुकानात गेला आणि तीन बाटल्या घेऊन आला, त्यातल्या दोन गुलाबी निघाल्या, त्यावरून पाटीवर बरंच काही लिहिलं गेलं.

आज मी गेले तेव्हा ती स्टुलावर होती आणि तो एका टेम्पोखाली. टेम्पोखालून तो काहीतरी विचारतो, ती लिहिते, तो हात पुसत बाहेर येतो, वाचतो, परत आत जातो. कामाला दुप्पट वेळ लागतो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर मामा म्हणतो, "थांबा, तपासणी चालू आहे." मी विचारलं, "मामा, कंटाळा नाही येत सारखं बाहेर यायचा?" तो म्हणाला, "तिच्या अक्षरात आवाज आहे," आणि मग स्वतःच लाजल्यासारखा परत टेम्पोखाली गेला.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही कुणाशी बोलत नसाल, तर हे वाचून झालं की मेसेज टाकू नका, फोनही नको, जाऊन या. येत्या शनिवारपर्यंत. जाताना गाडी टक् करून गप्प बसली तर माझ्या मामाला फोन लावा आणि बोनेटपाशी धरा. तो आता पहिल्यांदा अर्थिंगच बघायला सांगतो.